ब्लॅक फॉरेस्टमध्ये सायकलचे ट्रेल कसे शोधायचे?

प्रश्न: मी साताऱ्याचा, यवतेश्वर घाट आणि अजिंक्यताऱ्यावर माउंटन बाइक चालवतो. आता कामासाठी जर्मनीत फ्रायबुर्गला चाललोय, तिथल्या ब्लॅक फॉरेस्टच्या जंगलात ओळखीचं कुणी नाही, चांगले ट्रेल (जंगलातल्या सायकलच्या वाटा) कसे सापडतील?

उत्तर: अरे वा, जागा झकास मिळालीय तुम्हाला! पण आधी कायदा बघा, कारण आपल्याकडे डोंगरात पायवाट दिसली की सायकल घातली असं चालतं, तिथं नाही. फ्रायबुर्ग ज्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात येतं तिथं जंगलातल्या २ मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकलला बंदी आहे, खास सायकलसाठी दिलेले ट्रेल सोडून. म्हणून ॲपवर रेघ दिसली म्हणजे परवानगी आहे असं धरू नका, वाटेच्या तोंडाशी पाटी वाचा.

ट्रेलफोर्क्स आणि कोमूट ही दोन ॲप घ्या, मॅप निघायच्या आधीच डाउनलोड करून ठेवा, दरीत रेंज जाते. सुरुवात शहराला लागूनच असलेल्या रोसकोप्फ डोंगरावरच्या बॉर्डरलाइन ट्रेलने करा, तो परवानगीचा आहे. तिकडे ट्रेलचा अवघडपणा एस० (सगळ्यात सोपा) ते एस५ (सगळ्यात अवघड) असा मोजतात. तुम्ही घाटात कितीही तरबेज असलात तरी पहिल्यांदा एस१ च घ्या, ओली मुळं फार घसरतात आणि आपल्याला सवय मुरमाची असते.

सगळ्यात खरी माहिती मात्र तिथल्या सायकलच्या दुकानात मिळते, पंक्चरचं सामान घ्यायला जा आणि सरळ विचारा, शिवाय क्लबच्या राइडला एकदा जाऊन या. एकटे गेलात तर घरी रूट पाठवा. अपघात झाला तर ११२.