डायनिंग हॉलच्या पगारावर फी भागेल का?

प्रश्न : माझ्या मुलाला अमेरिकेतल्या एका विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सच्या एमएसला प्रवेश मिळालाय. तिथले सीनियर त्याला सांगतात, "कर्ज कमी काढ. पहिल्या सेमिस्टरला डायनिंग हॉलमध्ये लाग, दुसऱ्यापासून टीएशिप, म्हणजे शिकवण्यात मदतीचं काम, मिळतेच." घरात यावरून रोज वाद. या भरवशावर हिशेब मांडावा का? – एक आई

उत्तर : अजिबात नको. कर्ज पूर्ण मंजूर करून घ्या. कमाई झालीच, तर पुढच्या सेमिस्टरला उचल कमी करता येईल.

तिकडच्या एका विद्यापीठात विभागाच्या कार्यालयात मी बरीच वर्षं अशाच नेमणुकांचे कागद हाताळले. मुलं विचारायची, "मॅडम, जॉब आहे का?" मी म्हणायचे, कसला ते आधी सांग. कारण टीए, आरए (संशोधनात मदत), जीए (विभागातली इतर कामं) या असिस्टंटशिप वेगळ्या आणि तासावरचं काम वेगळं. असिस्टंटशिपच्या पत्रात दरमहाच्या स्टायपेंडपेक्षा ट्यूशनची ओळ महत्त्वाची. माफी पूर्ण की अर्धी? किरकोळ फिया आणि आरोग्य विमा त्यात येतो का? बरेचदा येत नाही. आणि पुष्कळ विभागांत ही पदं आधी पीएचडीवाल्यांना जातात, उरली तर एमएसला. सीनियरांचं 'मिळतेच' इथे लंगडं पडतं.

डायनिंग हॉल, लायब्ररी, जिमचं काउंटर, आयटी हेल्पडेस्क इथे फक्त तासाचे पैसे मिळतात, फी माफ होत नाही. तासाला १५ डॉलर धरले तरी २० तासांचे आठवड्याला ३००, म्हणजे १५ आठवड्यांच्या सेमिस्टरला ४,५००, तेही कर कापायच्या आधी. यात किराणा आणि भाड्याचा थोडा भार निघेल. काम मात्र वाईट नाही. भांडी घासण्यात कमीपणा वाटत असेल तर तो विमानात बसण्याआधीच उतरवून ठेवायला सांगा.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, आणि ती सगळ्या कामांची मिळून. २० तासांची टीएशिप मिळाली की डायनिंग हॉल सुटला. सुट्ट्यांत पूर्णवेळ करता येतं. जाहिरातीत 'फेडरल वर्क-स्टडी' (सरकारी मदतीतून दिलं जाणारं काम) लिहिलेलं असेल तर तिथे अर्जच करू नये, ती योजना परदेशी विद्यार्थ्यांसाठी नाही.

आता खरा उपयोगाचा मार्ग. दर ऑगस्टमध्ये चाळीस प्राध्यापकांना एकच मेल जायची : 'रिस्पेक्टेड सर, आय अॅम हार्डवर्किंग, एनी वर्क विल डू.' कुणीही काही देत नसे. त्यापेक्षा पहिल्या सेमिस्टरला एका विषयात चांगली ग्रेड काढायची आणि तोच विषय पुढे जो शिकवणार आहे, त्याला सत्र संपता संपता विचारायचं, "ग्रेडर हवाय का?" उत्तरपत्रिका तपासण्याची, टीएशिपच्या खालची ही पायरी एमएसवाल्यांना त्यामानाने लवकर मिळते. आणि आपल्याच विभागाच्या दारात रांग लावू नये. जीवशास्त्र, शेती, सार्वजनिक आरोग्य इथल्या प्राध्यापकांकडे डेटाचे ढीग पडलेले असतात आणि पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहायला माणूस नसतो. त्यांचा एखादा पेपर वाचून 'तुमच्या या आकड्यांचं मी अमुक करून देऊ शकतो' अशा चार ओळी लिहिल्या, तर उत्तर येण्याची शक्यता बरीच वाढते.

कॅम्पसबाहेर पेट्रोलपंपावर रोखीत काम करणारी मुलं भेटतील, 'काही होत नाही' म्हणतील. परवानगीशिवाय केलेलं ते काम म्हणजे व्हिसाचा दर्जाच गमावणं. बाहेरच्या इंटर्नशिपसाठी सीपीटी आहे, म्हणजे शिकतानाच अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कामाची परवानगी. साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावर ती मिळते आणि आय-२० या विद्यापीठाने दिलेल्या पात्रतापत्रावर तशी नोंद झाल्याशिवाय रुजू व्हायचं नाही. पूर्णवेळ सीपीटी बारा महिने केली, तर त्याच पदवीवरची पुढची ओपीटी (शिक्षणानंतरची कामाची परवानगी) जाते, हे खूप मुलांना उशिरा कळतं.

काम मिळालं की नेमणुकीचं पत्र आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचं पत्र घेऊन सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे पगार आणि करासाठीचा सरकारी क्रमांक, काढायचा. पहिली पगाराची स्लिप मात्र नीट वाचायला सांगा. सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअरची (वृद्धांची आरोग्य योजना) कपात एफ-१ विद्यार्थ्यांना सहसा पहिली पाच कॅलेंडर वर्षं लागू नसते. पेरोलने चुकून कापली असेल तर ती परत मागता येते.