ओकावांगो नदी समुद्राला मिळत नाही, मग तिचं पाणी जातं कुठे?

बहुतेक हवेत. उरलेलं थोडं कालाहारीच्या वाळूत.

ही नदी अंगोलाच्या डोंगराळ पठारावर उगम पावते. तिथे तिला कुबांगो म्हणतात. मग ती बरंच अंतर अंगोला-नामिबियाची सीमा बनून वाहते, वाटेत कुईतो नदी येऊन मिळते. पुढे नामिबियाची चिंचोळी कॅप्रिव्ही पट्टी ओलांडून बोत्सवानात शिरते. एकूण लांबी सुमारे 1,600 किमी.

खरी गंमत बोत्सवानात आहे. जमीन इतकी सपाट, की नदी पंख्यासारखी पसरून दलदल होते. हाच ओकावांगो त्रिभुज प्रदेश. अर्थात समुद्राविना त्रिभुज प्रदेश म्हणताना आपल्याला जरा अडखळायला होतं! पूरही उलट्या वेळी येतो. अंगोलात पाऊस पडतो साधारण नोव्हेंबर ते मार्च, पण सपाटीवरून रेंगाळत पाणी इथे भरतं जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन कोरड्या हंगामात. म्हणून तर हत्ती, म्हशी तेव्हाच इथे गोळा होतात. पाण्यात गाळ कमी, वाळूच जास्त. पपायरस या उंच पाणगवताच्या बेटांतून गाळून आल्यावर ते काचेसारखं नितळ दिसतं.

2014 साली हा भाग युनेस्कोच्या यादीतलं 1000वं जागतिक वारसास्थळ ठरला.