फोर्कनंतर सेटएन्व्ह नको, यादी आधीच बांधून ठेवा

तुमची अडचण मला समजली ती अशी: प्रोग्रॅममध्ये बरेच थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) आहेत, फोर्क (चालू प्रोसेसची प्रत काढणं) झाल्यावर चाइल्डमध्ये, म्हणजे त्या प्रतीत, सेटएन्व्ह (एन्व्हायरनमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅमला मिळणारी 'नाव=किंमत' अशी नोंद बसवणं) करून मग एक्झेक (त्याच जागी दुसरा प्रोग्रॅम चालू करणं) करता, आणि मधूनच एखादा चाइल्ड तसाच अडकून बसतो.

फोर्कनंतर चाइल्डमध्ये एकच थ्रेड उरतो, ज्याने फोर्क केलं तो. बाकीचे थ्रेड जातात, पण त्यांनी धरलेली लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारी कुलपं) तशीच राहतात. नेमक्या त्या क्षणी दुसरा थ्रेड सेटएन्व्हच्या आत, त्याचं लॉक धरून असेल, तर ते लॉक सोडायला चाइल्डमध्ये कुणीच नसतं. मी असा अडकलेला चाइल्ड डीबगरला जोडून पाहिलाय: स्टॅकवर सगळ्यात वर लॉकची वाट, त्याखाली सेटएन्व्ह, त्याखाली आमचंच फंक्शन. त्याआधी दोन दिवस आम्ही पाइपचा कोड उसवत बसलो होतो. पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमच्या मानकाप्रमाणे अशा प्रोग्रॅममध्ये फोर्क ते एक्झेक या टप्प्यात सिग्नल हँडलरमध्ये (सिग्नल आल्यावर मध्येच चालणाऱ्या फंक्शनमध्ये) चालतात तेवढीच फंक्शनं वापरायची. सेटएन्व्ह त्यांत नाही.

म्हणून सगळी तयारी पेरेंटमध्ये (फोर्क करणाऱ्या मूळ प्रोसेसमध्ये), फोर्कच्या आधी करा. एन्व्हायरन या चालू नोंदींच्या यादीतले पॉइंटर मोजा, नव्या व्हेरिएबलसाठी एक आणि शेवटच्या नलसाठी (यादी संपल्याची खूण) एक अशा दोन जागा जास्त धरून अ‍ॅरे घ्या. जुने पॉइंटर त्यात उतरवा, नवी स्ट्रिंग 'नाव=किंमत' अशी जोडा आणि हा अ‍ॅरे चाइल्डमध्ये थेट एक्झेकव्हीईला (नोंदींची यादी सोबत घेणारं एक्झेक) द्या. शेवटचा नल विसरलात तर कर्नल पुढची मेमरीही पॉइंटर समजून वाचत जाईल.

तेच नाव आधीपासून असेल तर जुनी नोंद गाळा. दोन्ही राहिल्या तर गेटएन्व्ह (नावावरून किंमत वाचणारं फंक्शन) सहसा पहिली, म्हणजे जुनीच देतं. इथे बरेच जण घसरतात: 'लॉग' शोधताना फक्त नावाची अक्षरं जुळवली, की 'लॉग_फाइल'ची नोंदही उडते. तुलना बरोबरच्या (=) चिन्हासकट करा.

पुटएन्व्ह (सेटएन्व्हसारखंच नोंद बसवणारं फंक्शन) तर पेरेंटमध्येही जपून वापरा. ते स्ट्रिंगची प्रत करत नाही, तुमचाच पॉइंटर ठेवतं. फंक्शनमधला लोकल बफर दिलात तर फंक्शन संपल्यावर तिथे कचरा उरतो.

एक्झेकव्हीई पाथमध्ये (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) शोधत नाही, पूर्ण मार्ग द्यावा लागतो. लिनक्सवर एक्झेकव्हीपीई शोधतं, पण तुमच्या नव्या अ‍ॅरेतला पाथ न बघता पेरेंटकडून आलेला चालू पाथ बघतं. त्यामुळे मार्गही फोर्कच्या आधीच ठरवून ठेवा.