संदिग्ध, अस्पष्ट आणि सारवलेला उंबरठा

दर्यापूरच्या एका प्रोग्रामर पोराचा प्रश्न आहे. जिनिंगच्या वजनकाट्यासाठी तो यॅमलमध्ये, म्हणजे प्रोग्रामला सूचना द्यायच्या एका साध्या मजकुरी लिपीत, कॉन्फिग (सेटिंगची) फाईल लिहितो. काटा सुरू व्हायची वेळ ०८:३० टाकली तर मजकूर म्हणून वाचली जाते, १२:३० टाकली की हाती येतो ७५० हा आकडा. अशा 'अ‍ॅम्बिग्युअस सिंटॅक्स'ला टिपणात 'अस्पष्ट' लिहू की 'संदिग्ध'?

संदिग्ध. अस्पष्ट म्हणजे धड दिसत नाही ते. १२:३० तर ढळढळीत दिसतंय. घड्याळातली वेळ समजायची, की साठमानातली संख्या, म्हणजे १२ गुणिले ६० अधिक ३०, एवढाच घोळ. यॅमलची १.१ ही आवृत्ती संख्या समजते. (शून्यानं सुरू होणारं त्या नियमात बसत नाही, म्हणून ०८:३० सुटलं.) 'द्व्यर्थी' सुचवणाऱ्या परिभाषापंडितांनी एकदा ०१० लिहून पाहावं: दहा, अष्टमानातले आठ, की गावाचा कोड? झाले ना तीन अर्थ!

आणि वऱ्हाडातल्या बातम्यांत 'संदिग्ध इसम ताब्यात' छापणं आता पुरे. ती हिंदीची उसनवारी. मराठीत इसम संशयित असतो, संदिग्ध असतं त्याचं बोलणं.

खरी गंमत धातूत आहे. सम् अधिक दिह्. दिह् म्हणजे लिंपणं, माखणं. ओटा सारवला की भिंत कुठं संपली अन् जमीन कुठं लागली ते बुजतं, तसे अर्थांचे सांधे बुजले की संदिग्ध. संदेह याच धातूचा, देहही याचाच. अवेस्तातल्या (पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथातल्या) 'पइरिदएझ'चा, म्हणजे चहूबाजूंनी भिंत घातलेल्या जागेचा, उत्तरार्धही याच कुळातला. त्यातूनच इंग्रजी पॅराडाइज आणि अरबी फिरदौस आले. स्वर्गाचं कुंपणसुद्धा मुळात थापलेल्या मातीचं!

देहली म्हणजे उंबरठा, तोही जुने व्युत्पत्तिकार लेपाशीच जोडतात. उंबरठ्यावरचा दिवा घरात अन् अंगणात दोन्हीकडं उजेड देतो, तसं वाक्यातलं एक पद दोन्ही बाजूंना लागतं, हा देहलीदीपन्याय. माझ्या मते पार्सरच्या, म्हणजे फाईल वाचून अर्थ लावणाऱ्या प्रोग्रामच्या, या दुखण्याचं सगळ्यात जुनं नाव हेच. अलंकारवाले त्याला गुण म्हणतात. म्हणोत, त्यांना कुठं जिनिंगचा काटा चालवायचाय?

हां, फाईलचं राहिलंच. २००९च्या यॅमल १.२मध्ये साठमान गेलं, पण यॅमल वाचणाऱ्या बऱ्याच लायब्ररी (तयार कोडचे संच) अजून १.१च्याच नियमांनी वाचतात. वेळ, कोड सगळं अवतरणचिन्हांत टाका. देशांची यादी असेल तर नॉर्वेचा 'एनओ' हा देश-कोडसुद्धा, नाहीतर 'नो' (नाही) समजून त्याचं 'फॉल्स' (असत्य) होतं.