गाणं गाजलं, पण ड्रमर बोलेना

प्रश्न : मी सावद्याचा. जळगावला बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या चौघांच्या बँडचं एक अहिराणी रॉक गाणं मोबाइलवर खूप फिरलं. व्हिडिओखाली माझंच नाव आहे, कारण चॅनेल माझं. आता हॉटेलात माझ्या टेबलाभोवती दहा जण असतात आणि बिल मीच देतो. पण आमचा ड्रमर, पाचवीपासूनचा दोस्त, बोलत नाही. परवा बसस्टँडवर भेटला तर म्हणाला, "आते आमले वयखस का भाऊ?" (आता आम्हाला ओळखतोस का?) शिक्षण सोडून मुंबईला जावं का? आणि रॉकमध्ये नाव झालं की खरी माणसं उरतच नाहीत का?

उत्तर : मुंबईचं नंतर बघू. तुझ्या पत्रातली 'कारण चॅनेल माझं' ही ओळ मला खटकली. ड्रमरही तिथेच अडलाय, असं वाटतं.

प्रसिद्धीमुळे माणसं दुरावतात हे खरंच आहे. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा रॉजर वॉटर्स १९७७ मध्ये माँट्रियलच्या मैदानावर इतका वैतागला की पुढच्या रांगेतल्या एका चाहत्यावर थुंकला. पुढे त्याची त्यालाच लाज वाटली आणि कलाकार नि श्रोते यांच्यातल्या भिंतीवरच्या 'द वॉल' या अल्बमची कल्पना त्यातूनच सुचली. पण तुझी अडचण मैदानाएवढी नाही, चार माणसांची आहे. तेव्हा क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीचं बघ. तो आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, पहिला बँडही त्याने तिथेच काढला. त्याच्या क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' १९७५ मध्ये तुफान गाजलं. त्या तबकडीच्या मागच्या बाजूला ड्रमर रॉजर टेलरचं गाणं होतं. तबकडी एकच, त्यामुळे मागच्या गाण्याच्या लेखकालाही पुढच्याइतकेच पैसे मिळाले, आणि बँडमध्ये धुसफूस सुरू झाली. १९८९ च्या अल्बमपासून त्यांनी गाण्यांवर एकेकट्याचं नाव घालणंच सोडलं. लेखक म्हणून फक्त 'क्वीन'. चौदा वर्षं गेली एवढं उमगायला!

हाच फ्रेडी जाताना आपलं लंडनचं घर जुनी प्रेयसी मेरी ऑस्टिनला देऊन गेला. त्याला कोणी ओळखत नव्हतं तेव्हापासूनची ती. प्रेम मोडलं तरी मैत्री टिकली. तुझ्या टेबलावरचे दहा जण वाईट नाहीत रे, फक्त ते गाणं गाजल्यावर आले आहेत. बिल महिनाभर देऊ नकोस, किती उरतात ते कळेल.

आता कामाचं. लग्नाच्या बँडमध्ये सुपारी कितीची आणि वाटणी कोणाला किती, हे ठरलेलं असतं. तिथे कोणी 'गाडी माझी' म्हणून सगळे पैसे खिशात घालत नाही. तुम्हीही एका कागदावर लिहा : शब्द कोणाचे, चाल कोणाची, ठेका कोणी बांधला, आलेल्या पैशांत कोणाचा वाटा किती. चौघांनी सह्या करा. मग शब्द आणि चाल ज्यांची, त्यांनी गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व घ्यावं. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीवरचा हक्क २०१२ च्या कायदादुरुस्तीने बळकट केला आहे, पण त्यासाठी नाव नोंदलेलं हवं. आणि व्हिडिओखाली चारही नावं आजच टाक. त्याला मुंबई लागत नाही.

पदवी मात्र सोडू नकोस. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत ध्वनिमुद्रणाचा अभ्यासक्रम आहे, त्याला पदवी लागते आणि बारावीला भौतिकशास्त्र असावं लागतं. तुझी निम्मी तयारी झालेलीच आहे. स्टेजवर नाव राहिलं नाही तरी हे काम पोट भरेल.

थंडीत तुमच्याकडे शेतात भरताच्या पार्ट्या होतात. ड्रमरला बोलाव, टेबलावरच्या कोणालाही नको. त्या पार्टीचा व्हिडिओही काढू नकोस. आणि एक, चौघं मिळून शेवटचा सराव कधी केलात, ते तू पत्रात लिहिलंच नाहीस.