'चालू झालं का हे?'

मावशी, मी ४२ वर्षांची आहे. चांगली नोकरी, दोन मुलं, समजूतदार नवरा. तक्रार करावी असं खरं तर काही नाही. तरी दिवसभर कुणीतरी मागे लागल्यासारखी पळत असते. गेल्या महिन्यात मी सगळे तास लिहून काढले. ऑफिस आठवड्याला ४६, प्रवास ९, मुलांचा अभ्यास ७. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी उठते, अ‍ॅप लावून वीस मिनिटं ध्यान करते, त्यात एका दिवसाचाही खंड नाही. आई गेल्यापासून बाबा एकटे असतात. ते रोज चार-चार मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवतात (पहिलं अर्धं मिनिट 'चालू झालं का हे?' यातच जातं). ते मी दुप्पट वेगाने ऐकते, तेवढाच वेळ वाचतो. तरी स्वतःसाठी काही उरत नाही. परवा मुलगी म्हणाली, "आई, तू जरा हळू चाल ना." मी मूळची अशी नव्हते हो. तोल साधेल असं एखादं वेळापत्रक सुचवाल का?
– सतत धावणारी

अगं धावणारे,

वेळापत्रक मी सुचवणार नाही. तुझ्याकडे आहे ते माझ्यापेक्षा चांगलं आहे. मला माझ्या आठवड्याचे तास विचारलेस तर मी बोटं मोजत बसेन.

कामाच्या तासांचं आधी उरकते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून एक अंदाज मांडला होता: आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त. तू त्या आकड्याच्या आसपास असतीस तर 'आधी साहेबांशी बोल' एवढं सांगून मी पत्र संपवलं असतं. तुझे ४६ आहेत. थकवणारे आहेत, पण तुला पळवणारी गोष्ट ती नव्हे.

मुलीचं वाक्य तू शेवटी ठेवलंस, मी त्यावर विरघळेन म्हणून. नाही विरघळले. मी त्याच्या आधीच अडकून बसले होते, जिथे तू एक ओळही थांबली नाहीस.

पहाटे उठून तू एका परक्या माणसाचा आवाज ऐकतेस. तो म्हणतो, श्वास घ्या. मग गप्प बसतो. मग म्हणतो, सोडा. परत गप्प. वीस मिनिटांतली निम्मी तरी शांतताच असेल, आणि ती तू पुरीच्या पुरी ऐकतेस. त्याला कधी दुप्पट वेगाने पळवलंस का? नाही ना. आणि दिवसभरात एकच आवाज खास तुझ्यासाठी, तुझं नाव घेऊन येतो, त्याच्यावर मात्र तुझं बोट आपोआप जातं.

तुला हिशेब आवडतो, तर करू. चार मिनिटांची दोन झाली. रोजची दोन म्हणजे महिन्याला एक तास, वर्षाला बारा. बारा तास वाचवलेस! कुठे आहेत ते? ऑफिस, प्रवास, अभ्यास सगळ्याचे आकडे तू दिलेस, पण या बारा तासांचं पुढे काय झालं याचा तुझ्या यादीत मागमूस नाही. अशा दोन-दोन मिनिटांचं काहीच होत नाही. लिफ्टची वाट बघण्यात ती मुरून जातात.

पूर्वी टेपरेकॉर्डर होते तेव्हा ही लबाडी लपत नसे. फीत दुप्पट वेगाने फिरवली की आवाज एक सप्तक वर चढायचा, बोलणारा माणूस चिमणीसारखा चिवचिवायचा, आणि ऐकणारा हसून बटण सोडायचा. आता फोन तसं होऊ देत नाही. आवाजाचे सेकंदाच्या काही शतांशांचे तुकडे करून ते एकमेकांवर सरकवतो. पट्टी तीच राहते, वेळ तेवढा आखडतो. व्हॉट्सअ‍ॅपवर २०२१ मध्ये ही सोय आली, तेव्हापासून बाबा तुला बाबांच्याच आवाजात ऐकू येतात. आक्रसतात ते मधले थांबे. माणूस म्हातारा होत चालला की बातमी त्या थांब्यांतच असते गं. बोलता बोलता ते दम लागून थांबले, की शब्द आठवेना म्हणून थांबले, की डोळ्यांत पाणी आलं म्हणून? खरा वेग असेल तर या तीन थांब्यांतला फरक मुलीला कळतो. दुप्पट वेगात तिन्ही एकसारखेच सटकून जातात. बाबांची तब्येत कशी आहे, याबद्दल तुझ्या पत्रात अवाक्षर नाही. तुला माहीत आहे का?

बाबांचं फार कौतुक चाललंय असं समजू नकोस. मेसेज कंटाळवाणे असणार. कालचंच आज सांगत असतील. आई होती तेव्हा यातलं निम्मं बोलणं घरातच सांगून, तिच्या 'हो का' वर संपून जायचं. आता ते शिल्लक राहतं आणि तुझ्याकडे येतं. रोज चार मिनिटं जरा जास्तच आहेत, हेही कबूल. पण मग 'बाबा, एक दिवसाआड पाठवा' असं तोंडावर सांगावं. ते रागावतील, दोन दिवस गप्प बसतील, आणि ऐकतीलही. गुपचूप वेग वाढवणं म्हणजे समोर बसून मान डोलवत दुसरीकडे बघणं. मी केलंय हे. फोन खांद्यात धरून धाकट्या बहिणीशी बोलायचे आणि हाताने कपड्यांच्या घड्या. एकदा ती म्हणाली, "आत्ता मी काय सांगितलं ते सांग." मला सांगता आलं नाही. माझा एक हात तिच्याच मुलीच्या जुन्या फ्रॉकवर होता.

'मी मूळची अशी नव्हते' यावर माझा पूर्ण विश्वास आहे. १९७३ साली प्रिन्स्टनच्या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. धर्मोपदेशक होऊ घातलेल्या ४० विद्यार्थ्यांना एकेकटं एका इमारतीतून दुसरीत पाठवलं. काहींना तिथे जाऊन बोलायचं होतं तेच मुळी वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्याच्या बोधकथेवर. वाटेत एक माणूस खरोखरच कण्हत बसवून ठेवला होता. भरपूर वेळ आहे असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांतले ६३ टक्के थांबले. उशीर झालाय असं सांगितलेल्यांतले १० टक्के. बोधकथेवर बोलायला निघालेले काही जण तर त्या माणसाला ओलांडून गेले. वाईट नव्हती ती मुलं, घाईत होती. तुझ्यात आणि त्यांच्यात एक फरक आहे: त्यांना उशीर झाल्याचं दुसऱ्या कुणीतरी सांगितलं होतं. बाबांचा मेसेज वाजतो तेव्हा 'उशीर झालाय' असं तुला कोण सांगतं?

तेव्हा ध्यानाचं अ‍ॅप उद्यापासून बंद. महिनाभर तरी. पाच-दहाला उठायची सवय लागलीच आहे तर ऊठ, त्याच जागी बस, आणि आदल्या दिवशीचा बाबांचा मेसेज एकच्या वेगाने लाव. हातात दुसरं काही नको. 'चालू झालं का हे?' पासून ऐकायचं, ते अर्धं मिनिट वगळायचं नाही. मागे पंखा चालू आहे का, खोकला कालच्यापेक्षा कमी आहे का, सगळं त्यातच कळेल. चार मिनिटं होतील. उरलेली सोळा तुझी, लोळत पडलीस तरी चालेल.

आणि उत्तराला अंगठ्याचं चित्र पाठवत असशील, तू लिहिलं नाहीस तरी मला माहीत आहे. ते नको. तू बोलून पाठव. मध्येच अडखळलीस तर पुसून नव्याने करू नकोस, तसंच जाऊ दे. ते काही दुप्पट वेगाने ऐकणार नाहीत; ते बटण कुठे असतं हे त्यांना ठाऊक नसणार.

– मावशी