डीलरांना पॉवर बँक द्यावी का?

प्रश्न : चाकणला आमचा छोटा कारखाना आहे. दिवाळीला ६० डीलरांना कंपनीचं नाव छापलेली पॉवर बँक द्यायचा विचार आहे. बजेट माणशी ५०० रुपये. चालेल का?

उत्तर : दादा, एवढ्यात मिळणाऱ्या पॉवर बँकेवर माझा भरवसा नाही. खरेदी विभागात असताना मी अशाच ४० घेतल्या होत्या. महिनाभरात एक फुगली, झाकण उकललं आणि त्यावर आमचाच लोगो! फार लाज वाटली. घ्यायचीच तर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि आर-नंबर, म्हणजे त्यांचा नोंदणी क्रमांक, तपासून घ्या.

त्यापेक्षा गाडीत लावायचा चार्जर आणि कापडी विणीची टाइप-सी केबल द्या. डीलर दिवसभर फिरतीवर असतात, रोज वापरतील. नाव चार्जरवर लेझरने, छोटंसं कोरून घ्या. छपाई घामाने पुसली जाते. ऑर्डरआधी एक नमुना आठवडाभर स्वतःच्या गाडीत लावून बघा.